काय बदललं? काहीच नाही!

पुरस्कारासाठी अर्ज करायचा हे मीटिंगच्या अगदी शेवटी ठरलं, म्हणजे सगळे चपला शोधत असताना, आणि अशा वेळी ठरलेलं काम ज्याने चुकून मान वर केलेली असते त्याच्या गळ्यात पडतं. मी मान वर केली होती, चष्मा पुसायला.

प्रोजेक्ट काय ते आधी सांगतो. आमच्या संस्थेच्या कपाटात २११ फ्लॉप्या सापडल्या, साडेतीन इंचीवाल्या, जुन्या लोकांनी घेतलेल्या मुलाखती, पत्रं, याद्या असं बरंच काय काय त्यात. ते सगळं बाहेर काढायचं, कॉप्या ठेवायच्या आणि पुढची कित्येक वर्षं ते जसंच्या तसं राहील हे बघत बसायचं, यालाच डिजिटल प्रिझर्वेशन म्हणतात. लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर घेतलं की झालं. अहो ते नुसतं बाळंतपण झालं, वाढवायचं कोणी?

अशा कामाला पुरस्कार असतात हे घरी कोणाला खरं वाटलं नाही. पण असतात, ब्रिटनमधली डिजिटल प्रिझर्वेशन कोअलिशन तर २००४ पासून देतेय. आमचा अर्ज दुसरीकडचा, नाव घेत नाही, निकाल लागायचाय अजून.

तर फॉर्म उघडला. पहिली दोन पानं नाव-गाव-फोनमध्ये गेली आणि तिसऱ्या पानावर प्रश्न आला, ‘आपल्या प्रकल्पामुळे नेमका काय बदल घडला? २५० शब्दांत लिहा.’ इथे आमची गाडी जी अडकली ती चार दिवस हललीच नाही. कारण बदल न होऊ देणं हाच आमचा प्रकल्प होता!

म्हणजे बघा, आम्ही करतो काय, तर प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवतो. शा-२५६ नावाची पद्धत आहे, फाइल केवढीही असो, तिच्यातून ६४ अक्षरांची एक ओळ निघते, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम जरी उडाला तरी ती ओळ पार वेगळीच येते. दर महिन्याला ओळी परत काढायच्या, जुन्यांशी ताडून बघायच्या. तीन वर्षांत असे ३६ रिपोर्ट झाले. मी पुरावा म्हणून जोडायला ते सगळे उघडले, तर वरपासून खालपर्यंत हिरव्या अक्षरांत ओके, ओके, ओके, ओके. यापेक्षा पंख्याकडे बघत बसलं तर जास्त काही घडतं.

मी प्रामाणिकपणे पहिला ड्राफ्ट लिहिला, ‘प्रकल्पामुळे काहीही बदललेलं नाही.’ २५० पैकी चार शब्द.

मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "अहो, असं लिहिलंत तर ते विचारतील, मग तीन वर्षं केलंत काय?"

"तेच तर केलं," आमचा टेक्निकलवाला स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

विकेटकीपरसारखं आहे हे. दिवसभर उठाबशा काढून शंभर बॉल अडवले तर कोणी हूं की चूं करत नाही, एक पायातून निसटला की सगळं मैदान वळून बघतं. मग आम्हीही निसटलेल्यांकडे वळलो. २११ पैकी १८ फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नव्हत्या, आणि फॉर्ममध्ये ‘आव्हाने’ असा छान ऐसपैस रकाना होता. तिथे माझी लेखणी जी सुटली! ८७ नंबरच्या फ्लॉपीवर तर मी अख्खा परिच्छेद लिहिला. तिच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं केलं (भोक उघडं असलं की तिच्यावर काही लिहिलं जात नाही, नुसतं वाचता येतं), ड्राइव्हमध्ये घातली, कर्र-खट, कर्र-खट, मग बराच वेळ नुसतीच कर्र, आणि मग शांतता. पत्र्याचं झाकण बोटाने हळूच सरकवून बघितलं तर आतल्या तपकिरी चकतीवर बुरशीचा पांढरा ठिपका, बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा. लेबलवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, ‘महत्त्वाचे’. एवढंच. काय महत्त्वाचं ते आता कोणाला कधीच कळणार नाही. हे लिहिताना मला खरंच गलबलून आलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, छान झालंय, पण वाया गेलेल्या १८ वर चारशे शब्द आणि वाचवलेल्या १९३ वर एक ओळ, हा अर्ज आहे का शोकसभा?

मग म्हटलं जरा इतिहास टाकू, वजन येतं. बीबीसीने १९८६ मध्ये डोम्सडे प्रोजेक्ट केला होता, इंग्लंडातल्या जमीनजुमल्याची १०८६ ची जी प्रसिद्ध नोंदवही, डोम्सडे बुक, तिला ९०० वर्षं झाली म्हणून, हजारो लोकांकडून माहिती, फोटो गोळा करून सगळं लेझरडिस्कवर घातलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली, ते सगळं परत वाचता यावं म्हणून संशोधकांना वेगळी खटपट करावी लागली, आणि ९०० वर्षांपूर्वीची चामड्यावर लिहिलेली वही मात्र आजही मजेत उघडून वाचता येते. मला हा किस्सा इतका आवडतो की मी तो लग्नातसुद्धा सांगितलाय. टेक्निकलवाल्याने तो फॉर्ममधून काढला. म्हणे, परीक्षक याच धंद्यातले असणार, त्यांनी हा किस्सा आपल्यापेक्षा जास्त लग्नांत सांगितला असेल.

‘सुरक्षिततेची व्यवस्था’ या रकान्यात तरी आपण चमकू असं वाटलं होतं. नियम असा की तीन कॉप्या हव्यात आणि तिन्हींना संकटं वेगवेगळी हवीत, म्हणजे एकीला पुराची भीती असेल तर दुसरीला भूकंपाची चालेल, पण दोघी एकाच पुरात जाता कामा नयेत. पहिली कॉपी ऑफिसात, दुसरी लांबच्या सर्व्हरवर. तिसरी हार्डडिस्क माझ्या घरी, कपड्यांच्या कपाटात, आणि तिला धोका एकच, आमची आई आणि तिची साफसफाई. ‘संभाव्य आपत्ती’समोर मी हे खरंखुरं लिहिलं होतं. मॅडमनी खोडून ‘मानवी हस्तक्षेप’ केलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बरोबर आहे, ते काळं खोकं मी दोनदा टाकायला काढलं होतं.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं की डोकं दुखतं. दोन मिनिटांचा परिचयपट हवा होता. केला. फाइल झाली ४८० एमबीची. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, म्हणजे २११ फ्लॉप्या काठोकाठ भरल्या तरी हिशोब ३०४ एमबीच्या वर जात नाही. जे वाचवलं त्याच्यापेक्षा ते वाचवल्याची जाहिरात जड! त्यात पोर्टलची मर्यादा २५ एमबी, मग दाबून दाबून व्हिडिओ इतका बारीक केला की त्यात मी आणि कपाट वेगळे ओळखू येत नाही.

आणि तो बदलाचा रकाना? शेवटी मॅडमनीच लिहिला, वाकबगार बाई, ‘सामग्रीचे स्थैर्य’, ‘विश्वासार्ह सातत्य’ असं करत २४९ शब्द भरले. मराठीत काहीच झालं नाही हे इतक्या प्रकारे सांगता येतं हे मला माहीत नव्हतं.

अर्ज पीडीएफ-एमध्ये केला होता, दीर्घकाळ टिकावं म्हणून खास ठरवलेला प्रकार, २००५ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आमच्याकडून एवढी तरी ऐट नको का. रात्री ११:५२ ला सबमिट दाबलं. दोन मिनिटांत पोचपावतीचा मेल आला, सोबत आमच्याच अर्जाची प्रत. आम्ही हुश्श करून खुर्च्या मागे घेतल्या, पण टेक्निकलवाल्याचा हात सवयीने गेला, त्याने पाठवलेल्या अर्जाचा चेकसम काढला, आलेल्या प्रतीचा काढला, दोन्ही आमच्या ताडून बघणाऱ्या प्रोग्रॅमला दिले आणि गप्प बसला.

"काय रे?" मी विचारलं.

त्याने स्क्रीन वळवली. पोर्टलने प्रत्येक पानावर कोपऱ्यात ‘प्राप्त’ असा शिक्का मारला होता. ३६ महिन्यांत पहिल्यांदा लाल ओळ आली होती.

"बदललं," तो म्हणाला.

मॅडमनी घड्याळ बघितलं. मुदत संपायला अजून चार मिनिटं होती. "एडिट करता येतं का हो तिथे?" त्यांनी विचारलं, "माझा एक शब्द शिल्लक आहे."