तुकोबा, अवली आणि दळण

मुलांना अभिजात चित्रपटांची गोडी लावावी, हा संकल्प मी एखादे व्रत घ्यावे तसा सोडला, तेव्हा त्याचे उद्यापन पिठाच्या गिरणीसमोर होईल, अशी पुसटशी शंकाही मला आली नव्हती. चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्यासाठी मी प्रभातचा ‘संत तुकाराम’ निवडला आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता दोघांना सोफ्यावर स्थानबद्ध केले. त्याच वेळी बायकोने गव्हाचा डबा दाराशी आणून ठेवला व दळणाची आठवण केली. मी ‘हो’ म्हणालो. अभिजाततेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने दळणाला याहून अधिक काय उत्तर द्यावे?

प्रास्ताविक आवश्यक होते. चित्रपट १९३६ सालचा, दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झालेला, आणि पुण्यात जिथे प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, हे सारे मी अवघ्या वीस मिनिटांत आटोपले. मुलाने विचारले, ‘‘बाबा, हे स्किप करता येतं का?’’ चित्रपट अजून सुरूच झाला नव्हता.

सुरू झाल्यावर मुलीने टीव्हीचा रंग गेला आहे असे जाहीर केले आणि मुलाने रिमोट हाती घेऊन वेग दीडपट केला. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरची ती अथांग शांती शेवटची लोकल पकडायला निघाल्यासारखी दिसू लागली. ‘आधी बीज एकले’ लागताच मी चित्रपट थांबवून सांगितले की, हे पद तुकोबांचे नसून शांताराम आठवले यांचे आहे, मात्र भल्याभल्यांना ते गाथेतलेच वाटले. मुलांना दोन्ही मान्य होते. चित्रपट पुढे सरकावा एवढीच त्यांची विनंती होती.

मग गौरीबाईंची अवली तोंड उघडून बोलू लागली आणि मुले सावरून बसली. घरात दाणा नाही, लेकरू आजारी आहे, नवरा अभंगात दंग आहे आणि ही बाई त्या लेकराला फरफटत देवळात नेऊन, पायातली वहाण हातात घेऊन, थेट विठोबालाच जाब विचारते, हे पाहून मुलीने टाळ्या वाजवल्या. मुलाने न सांगता वेग पूर्ववत केला. बायको कोथिंबीर निवडायला म्हणून सोफ्याच्या कडेला टेकली, ती उठलीच नाही. अवलीच्या बाजूने आता तिघे होते आणि तुकोबांच्या बाजूने मी एकटा. मुलीची नजर अधूनमधून दाराशी ठेवलेल्या डब्याकडे जात होती, याकडे मी लक्ष दिले नाही.

शेवटी गरुडाचे विमान तुकोबांना घेऊन वैकुंठाला निघाले. त्या काळातल्या ट्रिक फोटोग्राफीवर माझे विवेचन तयारच होते, पण मुलीने आधी विचारले, ‘‘मग म्हशीचं कोण बघणार?’’

‘‘अवलीच, दुसरं कोण!’’ बायको म्हणाली. ‘‘आणि गिरणी आठला बंद होते.’’

मी डबा उचलून धावलो. गिरणीचे शटर अर्धे खाली आले होते आणि त्याखालून गिरणीवाल्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांनीच ‘‘आता उद्या’’ असे सांगितले. दळण न होताही डबा परतीच्या वाटेवर अधिक जड लागला. दाराशी पोचलो तर आतून अवलीचा आवाज येत होता. मुलांनी देवळातला प्रसंग पुन्हा लावला होता, तोही मूळ वेगाने. मी डबा आवाज न करता खाली ठेवला आणि चपला बाहेरच काढल्या.