लोकनियोजनाबद्दल एक ओळही नाही?

केरळचे माजी अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांच्यावरचा हा लेख जवळजवळ सगळा किफबीच्या (पायाभूत सुविधांसाठी पैसा उभारणाऱ्या केरळ सरकारच्या संस्थेच्या) कर्जावर आणि २०१९ च्या मसाला बाँडवरच (परदेशात विकलेल्या रुपयातल्या कर्जरोख्यांवरच) खर्ची पडला आहे. त्या व्याजदराबद्दलची टीका मलाही पटते. पण १९९६ ची लोकनियोजन मोहीम? राज्य नियोजन मंडळाचे सदस्य असताना ती त्यांनीच पुढे नेली. राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम पंचायती-नगरपालिकांकडे गेली आणि ती कुठे वापरायची हे ग्रामसभेत ठरू लागलं! आलप्पुळाच्या काथ्या कामगारांवर पीएचडी केलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. अर्थमंत्री ते नंतर दोनदा झाले, पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हेच. आपल्याकडच्या ग्रामपंचायतींना एवढा पैसा आणि अधिकार कधी मिळणार?