माळ घालून आलेला माणूस आणि काकीचे घर

आमचे धाकटे काका दहाएक वर्षांनी गावी परतले, त्याला आता वर्ष होत आले. आमचे गाव सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आहे आणि अशी बातमी पसरायला तिथे फोन लागत नाही. काका एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, अंगात कुणीतरी दिलेला ढगळ सदरा होता आणि हातात व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. दिवेलागणीपर्यंत भावकीतल्या निम्म्या माणसांचा काकीला सल्ला देऊन झाला होता : माणसाने माळ घातली आहे, आता मागचे उकरू नकोस, झाले गेले गंगेला मिळाले. हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. तो का वाटतो हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, आणि काकीनेही ‘लिही, पण माझे नाव नको’ एवढ्या अटीवर परवानगी दिली आहे.

माळेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि पुन्हा बाटलीला शिवली नाहीत अशी माणसे आमच्या वस्तीवर आहेत. माळ गळ्यात दिसते, तिची बोली चारचौघांत झालेली असते, आणि माळकऱ्याला दारू द्यायला गुत्तेवालासुद्धा कचरतो. हा धाक पुष्कळ डॉक्टरी सल्ल्यांपेक्षा जास्त टिकतो. मात्र ती बोली विठ्ठलाशी झालेली असते. काकीशी कोणी काहीच बोललेले नव्हते. विठ्ठलाने पदरात घेतले म्हणून काकीनेही घ्यावे, असे भावकीने परस्पर ठरवून टाकले.

काकीचे काय गेले होते हे भावकीला ठाऊक नव्हते असे नाही. गंठण गेले, फवारणीच्या औषधांसाठी ठेवलेले पैसे गेले, सोसायटीचे कर्ज थकले आणि बागेचा एक तुकडा निघून गेला. हे सगळे कागदावर आहे. कागदावर नसलेली एक गोष्ट मी लहानपणी पाहिली आहे. काकी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवायची. तिचे पहिले शिलाई मशीन काकांनी विकले होते. दुसरे आले तेव्हा ती रोज रात्री काम संपले की त्याचा पट्टा काढायची, मशीनचे डोके पाटावरून उतरवून जुन्या चादरीत गुंडाळायची आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवायची; सकाळी पुन्हा आणून बसवायची. काका निघून गेल्यानंतरही कितीतरी दिवस ती ते वजन रात्री उचलतच होती, कारण आपल्याच घरात वस्तू जागच्या जागी ठेवून झोपता येते यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. ज्या बाईचा हा अनुभव आहे तिला ‘मागचे उकरू नकोस’ असे सांगणाऱ्याने आधी ते डोके एकदा उचलून बघावे.

शिकलेल्या मंडळींचा युक्तिवाद वेगळा असतो. दारूचे व्यसन हा आजार आहे, आजारी माणसावर राग धरून कसे चालेल, असे ते म्हणतात. तो आजार आहे हे मला पूर्ण मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत मद्यावलंबन आहेच, आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केल्यापासून हा विचार मराठी घरांत बऱ्यापैकी रुजला आहे. पण आजार म्हटल्याने माणसाचा तिरस्कार थांबतो, त्याने केलेले नुकसान मिटत नाही. शिवाय आजार एकट्या काकांचा नव्हता. घरातली प्रत्येक व्यक्ती आपापल्या परीने त्यातून गेली. काकांना निदान केंद्रात ठेवून घेतले, समुपदेशकाने त्यांचे ऐकून घेतले. काकीला आणि तिच्या मुलांना त्या सगळ्या वर्षांत कोणी समोर बसवून ‘तुमचे कसे चालले आहे’ असे विचारले नाही.

या बाबतीत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मांडणी मला भावकीपेक्षा पुष्कळ समंजस वाटते. दारू सोडू पाहणाऱ्यांची ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ पासून भारतात आहे. तिच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करायला सांगते, आणि नववी त्यांची जमेल तिथे प्रत्यक्ष भरपाई करायला सांगते. मात्र त्या भरपाईने समोरच्याला नव्याने इजा होणार असेल तर ती करू नये, असेही तिथेच म्हटले आहे. दुखावलेल्याने माफ केलेच पाहिजे अशी पायरी त्या बारांमध्ये नाही. करायचे ते पिणाऱ्याने, आणि समोरच्याला सोसवेल इतकेच. काका मिटिंगला जायला लागल्यावर त्यांनी स्वतःच हे माझ्या वडिलांना सांगितले. त्यांच्या परतण्यावरचा माझा थोडाफार विश्वास त्या दिवशी बसला. माळ पाहून बसला नव्हता.

मदत करण्याच्या हौसेतून होणारा एक प्रकार इथेच सांगून टाकतो. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण सगळ्यांनी भिंतींवर वाचल्या आहेत. काका परतल्यावर ‘पुन्हा घसरले तर असू द्या’ म्हणून एका पाहुण्यांनी काकीला आमटीत कालवायच्या गोळ्या आणून दिल्या. अशा गोळ्यांमध्ये डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू घेतली तर शरीरात विषारी द्रव्य साठते, तोंड लालबुंद होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो, आणि माणूस दगावूही शकतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. काकीने त्या गोळ्या पाहुण्यांच्या पिशवीत परत टाकल्या. ती म्हणाली, “चोरून त्यांनी केलं तेवढं पुरे आहे. आता मी नाही करणार.”

मग तिने काय केले? तिने काकांना हाकलले नाही आणि घरातही घेतले नाही. काका मळ्यातल्या खोलीत राहतात. दोन वेळचा डबा काकीकडून जातो. आमच्या बागेत ते कामाला येतात, एप्रिलच्या छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला त्यांच्यासारखा हात गावात अजूनही कमी आहे, आणि त्यांची हजेरी त्यांच्याच सांगण्यावरून रोख न देता बँकेत भरली जाते, कारण बाजाराच्या दिवशी खिशात पैसे असणे त्यांना स्वतःलाच धोक्याचे वाटते. मुलगी त्यांच्याशी कामापुरते बोलते. मुलगा बोलत नाही. त्याने बोलावे म्हणून काकी त्याच्या मागे लागत नाही, आणि माझ्या मते हेच योग्य आहे.

भावकीला ही व्यवस्था अपमानाची वाटते. ‘घरधनी असून मळ्यात?’ असा प्रश्न मला दोन लग्नांत आणि एका तेराव्याला विचारला गेला. घरधनी कोण, हे कायद्याने तरी केव्हाच सांगून ठेवले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेपुरती घरातली वयाने सर्वांत मोठी, अठरा वर्षांवरची स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते, आणि काकीच्या कार्डावर तिचेच नाव आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तर ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा हक्क तिला देतो, आणि गरज पडली तर त्रास देणाऱ्याला त्या घराबाहेर ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. काकीने यातले काही वापरले नाही, तिला वापरायचेही नाही. पण मळ्यातली खोली ही तिने दिलेली सवलत आहे एवढे तरी लोकांनी समजून घ्यावे. आणखी एक खरे सांगायचे तर मळ्यातल्या खोलीचा खरा फायदा काकांनाच झाला. घरात परतले असते तर प्रत्येक उंबऱ्याशी जुना हिशेब उभा राहिला असता, कोणी भांडे आपटले तरी ते आपल्यासाठीच आपटले असे वाटले असते, आणि अशा कोंडमाऱ्यातून माणूस पुन्हा पिण्याकडे वळतो हे मिटिंगमधली जुनी माणसे नेहमी सांगतात.

आता विषय पेटला आहे तो चुलत बहिणीच्या लग्नावरून. पत्रिकेत वडिलांचे नाव छापायचे हे तिने आपणहून मान्य केले. कागदोपत्री ते तिच्या नावापुढे आहेच. कन्यादान मात्र मामा-मामी करतील असे तिने सांगितले, कारण दहावीपासून नर्सिंगपर्यंतची फी मामांनी भरली आहे. आत्यांनी रडून घेतले. ‘बाप हयात असताना मामा?’ हे वाक्य निदान तीन तालुक्यांत फिरून आले आहे. गंमत अशी की यात एका माणसाची काहीच तक्रार नाही, आणि तो माणूस म्हणजे काका. मुलीने सांगितले तेव्हा त्यांनी ‘बरोबर आहे’ म्हटले आणि आचाऱ्याचे, मांडवाचे काम माझ्याकडे द्या अशी मागणी केली. ते त्यांच्याकडे दिलेही आहे. ॲडव्हान्सचे पैसे तेवढे मी देतो.

तेव्हा आत्यांना, पाहुण्यांना आणि आमच्या घराची काळजी वाहणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती आहे. काकांची मिटिंग तालुक्याच्या गावी संध्याकाळी असते आणि ती सुटेपर्यंत आमच्याकडे येणारी शेवटची एसटी गेलेली असते. आतापर्यंत वडील किंवा मी त्यांना मोटारसायकलवरून आणतो; द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आम्हा दोघांनाही ते जमणार नाही. काकीला फोन करायला ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांनी त्यातली एक-एक संध्याकाळ वाटून घ्यावी. कोण कधी येणार ते मला कळवा, मी काकांना सांगून ठेवतो.