साबण बरोबर, बाकी चूक: ‘विषाणू म्हणजे प्रथिनाचा रेणू’ या फॉरवर्डबद्दल

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर फिरलेला करोनाबद्दलचा एक मेसेज आठवत असेल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावावर तो खपवला गेला. शेवटी ‘हा आमचा नाही’ असं त्या संस्थेला सांगावं लागलं. तरी तो अधूनमधून डोकं वर काढतोच. साबणाने हात धुवा हा त्यातला सल्ला बरोबर आहे, म्हणून बाकीचंही खरंच असणार असं लोक धरून चालतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विषाणू सजीव नाही, तो चरबीच्या थरात गुंडाळलेला प्रथिनाचा रेणू, म्हणजे डीएनए आहे. डोळे, नाक, तोंड इथल्या पेशींनी तो शोषून घेतला की त्यांचा जनुकीय संकेत बदलतो आणि त्या आक्रमक होऊन वाढू लागतात. आणि सजीव नसल्यामुळे तो मारता येत नाही, आपोआप विघटित होतो.

‘प्रथिनाचा रेणू, म्हणजे डीएनए’ हे ‘विटा, म्हणजे घराचा नकाशा’ म्हणण्यासारखं आहे. प्रथिन वेगळं, डीएनए वेगळा. शिवाय करोना विषाणूत डीएनए नसतोच. त्याच्याकडे असते आरएनएची, म्हणजे डीएनएच्याच जातीच्या पण वेगळ्या रेणूची, एक सलग साखळी, सुमारे ३०,००० अक्षरांची. गंमत अशी की ही चूक एके काळी मोठ्या माणसांकडूनही झाली होती. वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या पानांवरच्या विषाणूचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन आहे असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी बॉडेन आणि पिरी यांना त्यात आरएनए सापडलं. १९५६ मध्ये प्रथिन बाजूला काढून, नुसत्या आरएनएने पानांवर रोग पाडून दाखवला गेला. म्हणजे फॉरवर्ड लिहिणारा निदान साठेक वर्षं मागे आहे. (स्टॅन्लींना १९४६ चं नोबेल मिळालं, आणि त्याच्या कारणातही ‘विषाणू-प्रथिनं’ असाच शब्द आहे!)

‘पेशी शोषून घेतात’ हे वाचून पेशी म्हणजे टीपकागद वाटते. प्रत्यक्षात विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात आणि त्या काट्याला पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एक ठरावीक प्रथिन सापडावं लागतं. करोनाच्या बाबतीत ते एसीई-२ नावाचं प्रथिन. मग पेशीचंच एखादं विकर (एन्झाइम) तो काटा छाटतं, विषाणूचं आवरण आणि पेशीपटल एकमेकांत मिसळतं आणि आरएनए आत उतरतं. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांना मूळ विषाणूची लागण होत नव्हती, कारण उंदराच्या एसीई-२ ला तो काटा नीट बसत नव्हता. संशोधकांना माणसाचं एसीई-२ असलेले उंदीर वापरावे लागले. नुसतं शोषून घेण्याने भागत असतं, तर हा खटाटोप कशाला?

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य: ‘जनुकीय संकेत बदलतो’. लस डीएनए बदलते ही भीती याच समजुतीच्या पोटातली. खरं तर विषाणूचं सगळं गणित संकेत न बदलण्यावर अवलंबून आहे. पेशीचे रायबोसोम, म्हणजे आरएनएचे संदेश वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रं, ज्या भाषेत वाचतात, त्याच भाषेत तो लिहिलेला असतो. त्याच्या आरएनएला पुढे पेशीच्या संदेशासारखीच टोपी, मागे तशीच शेपटी. रायबोसोम ‘हा संदेश कुणाचा’ असं विचारत नाही, वाचत सुटतो.

तीन-तीन अक्षरं वाचत तो सुमारे १३,५०० व्या अक्षराजवळ येतो. तिथे एक निसरडी जागा आहे आणि लगेच पुढे आरएनएची गाठ. गाठीशी अडखळून रायबोसोम काही वेळा एक अक्षर मागे घसरतो आणि तिथून सगळे त्रिक बदलतात. आरएनएच्या नकला काढणारं विषाणूचं विकर तयार होतं ते रायबोसोम असा घसरला तरच! मग पेशीद्रवात दुहेरी पटलाचे फुगे तयार होतात आणि त्यांच्या आडोशाला नकला निघू लागतात. विषाणूचं आणखी एक प्रथिन रायबोसोमच्या तोंडाशी बूच बसवतं, त्यामुळे पेशीचे स्वतःचे संदेश ताटकळतात. या साऱ्यात केंद्रकातल्या डीएनएला कुणी हात लावलेला नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू केंद्रकात जातो, पण तिथे पेशीच्या संदेशांच्या टोप्या चोरतो, डीएनए बदलत नाही. एचआयव्ही मात्र आरएनएवरून डीएनए बनवून तो आपल्या डीएनएत खरोखरच घुसवतो. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलं. करोनाकडे ते विकर नाही. संवर्धित पेशींमध्ये करोनाचे तुकडे डीएनएत सापडल्याचा दावा २०२१ मध्ये झाला, त्यावर वादही झाला. पण विषाणूच्या वाढीला त्याची गरज पडत नाही, एवढं नक्की.

उत्परिवर्तनं होतात ती विषाणूच्या नकलांमध्ये. वाढतात तेही विषाणू, पेशी नव्हेत. लागण झालेली पेशी बहुधा मरते, कधी स्वतःच स्वतःला संपवते, आणि जाता जाता इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करते. हे इंटरफेरॉन १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी शोधलं.

सजीव की निर्जीव हा वाद चालू द्या. मात्र ‘आपोआप विघटित होतो’ हे टेबलावरच्या कणापुरतं खरं. पेशीत शिरलेला पोलिओचा एक विषाणू सुमारे ८ तासांत हजारोंनी बाहेर पडतो. तिथे त्याला औषधांनी अडवता येतं: करोनावरचं रेमडेसिव्हिर विषाणूच्या नकला काढणाऱ्या विकरावर काम करतं, निरमाट्रेलव्हिर त्याची प्रथिनं कापणाऱ्या विकरावर. टेबलावरच्या कणाला यांतलं कुठलंच औषध काही करत नाही.

राहिला साबण. तो करोनाचं चरबीचं आवरण फोडतो, बरोबर. पण मेसेज हे सरसकट ‘विषाणू’बद्दल बोलतो, तिथे फसतो. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू), पोलिओ यांना ते आवरणच नसतं. त्यांच्या बाबतीत साबण त्यांना कातडीवरून फक्त सुटं करतो, वाहून नेतं ते पाणी. म्हणून नोरोव्हायरसची साथ असताना अल्कोहोलची जेल कमी पडते आणि नळाखाली हात चोळून धुवावे लागतात.