ढिला हूक आणि आजोबांचा फूट

शिरपूरचे भाऊ,

सुतारकामातल्या मोजमापावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली, पण अर्धीच. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. "आमना आजाले असं काहीच लागनं नही", घडीच्या लाकडी फुटावर त्यांनी बैलगाड्या केल्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलपट्टी लेथवाल्याने वापरावी, लाकूड तर आषाढात त्याहून जास्त फुगतं. मे महिन्यात पट्टीसुद्धा लांबते. आणि मोजायच्या टेपच्या टोकाचा हूक हलतो तो हातोडीने ठोकून घट्ट करायचा, एवढी साधी गोष्ट मी लेखात सांगितली नाही.

आधी हुकाचं, कारण ते वाचून कुणी खरंच हातोडी उचलेल. तो हूक मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. त्याची हालचाल त्याच्याच जाडीइतकी, साधारण एक मिलिमीटर. फळीच्या कडेला अडकवून ओढला की पुढे सरकतो, तेव्हा शून्य त्याच्या आतल्या बाजूला येतं. खणाच्या आत टेकवून दाबला की मागे सरकतो, आणि शून्य बाहेरच्या बाजूला. तुम्ही ठोकलात म्हणजे आतलं नाहीतर बाहेरचं, एक माप कायमचं चुकलं. पडताळायचं तर एक फळी हुकाने मोजा, मग तीच १० सेंटीमीटरच्या रेघेपासून मोजून १० वजा करा.

उन्हाचं सोडून द्या. जळगावच्या ४५ अंशांत ३०० मिलिमीटरची पट्टी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी वाढते.

फुगण्याचं खरं आहे, पण लाकूड फुगतं ते आडवं. रेषांच्या दिशेने, लांबीत, जवळजवळ नाही. म्हणून फळीच्या रुंदीला मोकळीक ठेवा, मी नाही म्हणत नाही. पण कुसू, म्हणजे लाकडाचं भोकात बसणारं टोक, आज भोकात बसायला हवं, आणि पाऊस सैल कुसू घट्ट करून देईल या आशेवर दार उभं करता येत नाही.

आता आजोबा. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव, म्हणजे कडं, चढते, तिचं माप कुठून येतं? चाकावरूनच. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची, तापवून चढवायची, निवली की आवळते. तिथे आकडा नसतो, एका वस्तूचं माप थेट दुसऱ्या वस्तूवर जातं. हे मी लेखात लिहायला हवं होतं, ती चूक माझी. फळीवर फळी ठेवून खूण करता येत असेल तर पट्टीला हात लावू नये. पण तुमच्या आजोबांकडे फूट एकच होता, भाऊ. आपल्याकडे तीन टेप असतात. मी एकदा दाराची चौकट एका टेपने मोजली आणि पल्ला दुसऱ्याने. दोन मिलिमीटरचा फरक निघाला आणि दुपारभर रंधा मारत बसलो. तेव्हापासून एका कामाला एकच माप, मग ते कुठलं का असेना.

स्टीलपट्टी मी सुचवली ती तिच्या कडेसाठी. शून्य अगदी टोकापासून सुरू होतं, आणि पट्टी उभी धरली की रेघ लाकडालाच टेकते, तिरकं पाहून माप चुकत नाही. दोन मीटरच्या फळीला टेपच घ्या, तिथे पट्टीचा हट्ट नको.

सूत की मिलिमीटर? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी लेखात त्याची टिंगल केली होती, ती मागे घेतो. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर. दुकानातून १८ मिलिमीटरचा प्लाय आणायचा आणि मनात पाऊण इंच धरायचा, की चार फळ्यांत चार मिलिमीटर गेले. सुतात बोला, पण प्लाय हातात घेऊन मोजा.

तो घडीचा फूट अजून घरात असेल तर टोकापासून मोजू नका, टोक झिजलेलं असणार. एक इंच सोडून सुरुवात करा, आणि तो इंच वजा करायला विसरू नका. मी विसरलो आहे, सागावर.