सह्यांनी कायदा होत नाही, मतदान होते

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. पुरेशा सह्या जमल्यास नागरिकांनी मांडलेल्या विधेयकावर संसदेने मतदान घेतलेच पाहिजे, या माझ्या सूचनेवर आपले दोन आक्षेप आहेत. धनदांडग्या संघटना सह्या विकत घेतील, हा पहिला. आणि बहुसंख्यांच्या लाटेत अल्पसंख्यांचे हक्क वाहून जातील, हा दुसरा.

कॅलिफोर्नियात सह्या गोळा करण्यासाठी माणसे पैसे देऊन नेमली जातात, हे आपण म्हणता ते खरे आहे. मात्र तिथे सह्या जमल्या की प्रश्न थेट जनमताला जातो आणि कायदेमंडळ बाजूलाच राहते. माझ्यासमोर होते ते फिनलंड. तिथे २०१२ पासून किमान ५०,००० मतदारांनी सहा महिन्यांत पाठिंबा दिल्यास संसदेला तो प्रस्ताव विचारात घ्यावा लागतो. स्वीकारायचा की फेटाळायचा, हे संसदच ठरवते. न्याय मंत्रालयाच्या विनामूल्य संकेतस्थळावर, बँकेच्या ओळखप्रणालीतून खातरजमा करून सही देता येते. सहीने कायदा मिळत नसेल, तर ती विकत घेण्याचा मोहही बराच कमी होतो, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घालावी, हा तिथल्या संसदेत पोहोचलेला पहिला नागरिक-प्रस्ताव २०१३ मध्ये १४६ विरुद्ध ३६ मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षी समलिंगी विवाहाचे खासदारांनीच मांडलेले विधेयक विधी समितीत अडले, आणि वर्षअखेरीस दीड लाखांहून अधिक सह्यांचा नागरिक-प्रस्ताव संसदेत दाखल झाला. समितीने याही वेळी नकाराचीच शिफारस केली. तरीही २८ नोव्हेंबर २०१४ रोजी सभागृहाने तो १०५ विरुद्ध ९२ मतांनी स्वीकारला. पुढे हा कायदा रद्द व्हावा म्हणून विरोधकांनीही लाखभर सह्या जमवल्या, आणि २०१७ मध्ये तो प्रस्ताव १२० विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे आपण ज्यांच्या हक्कांची काळजी करता, त्यांना या मार्गाने हक्क मिळाला, आणि त्याच मार्गाने तो काढून घेण्याचा प्रयत्न फसला.

खरे तर आपण वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवायला हवे होते. फिनलंडमध्येही समितीत रेंगाळलेला प्रस्ताव निवडणूक आली की मतदानाविनाच बाद होतो. म्हणून ठरावीक मुदतीत मतदान घेण्याची अट मला अत्यावश्यक वाटते.

‘खासदार खासगी विधेयके मांडतातच की,’ असेही आपण लिहिले आहे. स्वातंत्र्यापासून मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली, आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. बाकीच्यांपैकी बहुतेकांवर चर्चाच झाली नाही, मग मतदान तर दूरच. मात्र आपल्याकडे नुसती मुदत घालूनही भागणार नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्या खासदाराची खासदारकी धोक्यात येते. तेव्हा सह्यांनी मतदान घडले, तरी निकाल पक्षकार्यालयातच ठरेल. नागरिकांच्या विधेयकांवरील मतदान व्हिपमधून वगळावे, हे मूळ सूचनेतच जोडावे लागेल, आणि त्यासाठी पक्षांतरबंदीची तरतूद असलेल्या घटनेच्या दहाव्या अनुसूचीत दुरुस्ती करावी लागेल.