म्हणे, लावा मागावर

माझा भाचा आठवीत आहे, सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. वाचायला दिलं की मधली ओळच गाळतो, जोडाक्षर आलं की अडकतो, शुद्धलेखनाची वही नुसती लाल. वर्गात नाव पडलं "ढ". हळूहळू पोरगं बोलायचंच कमी झालं, काहीही विचारा, प्रश्न पुरा व्हायच्या आत "मला नाही येत".

दिवाळीच्या सुट्टीत वडलांबरोबर चादरीच्या कारखान्यात जायला लागला. जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, नक्षी ठरते ती पुठ्ठ्यांवरच्या भोकांनी, भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तो खालीच राहतो, आणि असे शेकडो पुठ्ठे ओळीनं शिवलेले असतात. त्या दिवशी मयूरपंखाच्या नक्षीत सारखी एक आडवी रेघ चुकत होती, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, धागे तपासून वैतागला होता. पोरानं चादर बघितली, मग पुठ्ठे बघत बघत एकावर बोट ठेवलं, हा उलटा शिवलाय. खरंच उलटा होता! जॉबर म्हणाला, "कसं कळलं बे तुला?" तर म्हणतो, "बाजूच्या दोघांशी जुळत नव्हता की." त्या रात्री जेवताना सगळ्यांत तोच बोलत होता, हे सांगताना ताईचा आवाज भरून आला होता.

आणि लगेच नातेवाईक सुरू, बघा, पुस्तकात डोकं नाही, हातात कला आहे, शाळा सोडवा आणि लावा मागावर. याचा मला मनापासून राग येतो. एवढ्या भोकांतनं एक चूक हेरणाऱ्या पोराला डोकं नाही म्हणता? कारखान्यात त्याला स्वतःवर विश्वास आला म्हणून त्याची शाळा काढून घ्यायची, हा कुठला न्याय? उद्या याच नक्षी कॉम्प्युटरवर करायच्या तर शिकावं लागणारच की त्याला.

ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात त्यात अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला त्रास होतो, बुद्धी कमी नसते, आळस तर नसतोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, पण आहे, प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाला जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिकही मिळू शकतो. एवढी वर्षं लाल शाई वापरली, पण ताईला हे कुणी सांगितलं नाही.

भाच्याला हेच आहे की दुसरं काही ते तपासल्यावर कळेल, पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन सिव्हिलला जातोय. सोलापुरात कुणी आपल्या मुलाची अशी तपासणी करून प्रमाणपत्र काढलं असेल तर काय काय कागद लागले तेवढं प्लीज सांगा.